दामोदरपंतांचा बंब आणि पेंढाऱ्यांचा सरदार

एका रविवारी सकाळी दामोदर खांबेट्यांच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब हातगाडीवर चढला आणि सिनेमात काम करायला निघाला. दामोदरपंत फाटकाशी उभे राहून बघत होते. समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, "काय पंत, बंब कुठं निघाला?"

"शूटिंगला," पंत म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी गार पाण्याने आंघोळ केली.

बेंगळूरच्या डिसेंबरात गार पाणी अंगावर घेणाऱ्याचा आवाज चार घरं ओलांडून जातो. पंतांचा आवाज मुळातच दणदणीत, तो पार देवळापर्यंत गेला असावा. बसवनगुडीतल्या त्या गल्लीला त्या सकाळी कळायचं ते कळलं. शेजारच्या उमाकांतचा सिनेमा खरोखरच सुरू झाला होता, आणि त्यात पंतांच्या बंबाला काम मिळालं होतं, पंतांना नाही.

आता हे पंत कोण ते सांगायला हवं. मूळचे नाशिकचे. स्वातंत्र्यानंतर बेंगळुरात सरकारी कारखाने उभे राहिले तेव्हा बिऱ्हाड उचलून इकडे आलेल्या मंडळींपैकी. नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात. म्हणजे यंत्रावर उतरलेला एक तुकडा दुसऱ्यापेक्षा केसभर मोठा आहे की लहान, हे दिवसभर बघायचं. देवाने माणूस आणि नोकरी इतकी जुळवून क्वचितच दिली असेल, कारण घरी आल्यावरही पंत तेच करत. शेजारची जाई आपल्या जाईपेक्षा गच्च का? समोरच्यांच्या नळाची धार जाड का? हॉटेलात बसले की शेजारच्या टेबलावरचा डोसा नेहमी लांब आणि जास्त खरपूस. पंत खात स्वतःचा डोसा, पण बघत दुसऱ्याचा. त्यामुळे आजवर त्यांना कुठलाच डोसा नीट लागला नव्हता.

मनाने वाईट नव्हते हो. कुणाकडे दुखणंखुपणं निघालं तर पहिले धावणारे पंतच. फक्त त्याच घरातून पेढे आले की त्यांच्या पोटात कळ यायची.

एका बाबतीत मात्र त्यांना कुणाचा हेवा वाटत नसे, ती म्हणजे आवाज. मूर्ती ठेंगणी, पोट पुढे, केस मागे हटत हटत मानेपाशी थांबलेले. पण तोंड उघडलं की आतून कुणी सात फुटी सेनापती बोलतोय असं वाटे. गणेशोत्सवात मराठी मंडळाचं नाटक बसलं की नायक पंतच. दुसरं कुणी विचारायचंही नाही. पण या नायकाचं एक दुखणं होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या सुलभाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, नाटकभर नायकाकडे बघतच नसत. राजाचा शेला म्हणजे त्यांची पैठणी, आणि सिंहासनावरचं आसन म्हणजे त्यांच्या माहेरची गोधडी. त्यांचा जीव समईच्या ज्योतीत आणि पैठणीच्या पदरात अडकलेला. इकडे पंत तलवार उपसून अशी आरोळी ठोकत की मागची मुलं रडायला लागत, आणि घरी येताना सुलभाबाई म्हणत, "पदराला तेल लागलंय, बघितलंत का?"

पंतांना जन्मात हवं होतं ते एवढंच. सुलभाबाईंनी एकदा तरी पैठणी विसरून आपल्याकडे टक लावून बघावं.

अशात शेजारचा उमाकांत स्वित्झर्लंडहून आला. तरुण इंजिनियर, कारखान्याने शिकायला पाठवलेला. दुसऱ्या कुणी तिकडून घड्याळ आणलं असतं, चॉकलेटं आणली असती. यानं सिनेमाचा छोटा कॅमेरा आणि रिळांची पेटी आणली, आणि महिनाभरात गल्लीला एक गोष्ट ऐकवून वेड लावलं. तीन पेंढारी. दीडशे वर्षांपूर्वी लुटालूट करत हिंडणारे. ते एका फिरंग्याचं सामान लुटतात, त्यात एक विचित्र यंत्र निघतं. त्याच्या पोटात जाळ घालतात, धूर होतो, आणि तिघं उडतात ते थेट आजच्या बेंगळुरात. सिनेमाचं नाव 'उद्याचे पेंढारी'. सरदाराचं काम कोण करणार, ते उमाकांत सांगत नव्हता. पंतांच्या मते सांगायची गरजच नव्हती.

म्हणून एका संध्याकाळी उमाकांत ओसरीवर येऊन टेकला तेव्हा पंतांनी आधीच दाढी करून ठेवली होती.

"दामोदरपंत, नाजूक काम होतं. तुमच्याशिवाय व्हायचं नाही."

"आता वय झालं रे," पंत मागे रेलून म्हणाले. "पण मंडळाचं नाव आहे. बोल."

"म्हणजे कसं, मला हवाय तो जुना, भारदस्त, पोट सुटलेला..."

पंतांनी पोटावरून हात फिरवला. "पोटाचं काय, वरून शेला आवळला की झाकतं."

उमाकांत जमिनीकडे बघत म्हणाला, "नाही, मी बंबाबद्दल म्हणत होतो. तुमच्या न्हाणीघरातला. तो यंत्र म्हणून फार शोभेल."

पंत काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून सुलभाबाईंचा आवाज आला. "न्या की. माझ्या माहेरचा आहे, पोचे आणू नका म्हणजे झालं."

"आणि सरदार कोण?" पंतांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"शिवाजीनगरचे प्रतापराव."

हे नाव ऐकून पंतांच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रतापराव म्हणजे इथल्या जुन्या मराठ्यांपैकी. तीनशे वर्षांमागे पूर्वज फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. शिवाजीनगरात त्यांचा तबेला. जटका म्हणजे इथला टांगा; तसे काही जटके आणि दोन देखणे घोडे. माणूस घोड्याहून देखणा. उंच, रुंद, आणि मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबू ठेवावं. मंडळाच्या कार्यक्रमाला ते आले की मागे उभे राहत, आणि त्यांचं कानडीमिश्रित मराठी ऐकून पुण्या-नाशकाची मंडळी रुमालात हसत. पंत तर रुमालाशिवाय हसत.

"त्यांना मराठी कुठं येतं?" पंत म्हणाले.

"सिनेमा मुका आहे," उमाकांत म्हणाला. "आवाजाचं मागाहून बघू."

तर असा बंब गेला. आणि बंब गेल्यावर त्याला बघायला पंत जाऊ लागले. रविवार आला की छत्री घ्यायची आणि निघायचं. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बंबाला पोचे पडतात का बघून येतो." सुलभाबाईही येत, थालीपिठांचा डबा घेऊन. एवढी माणसं उन्हात उपाशी राबतात, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं शूटिंग बिगल रॉकच्या खडकांवर. बंबात तीन माणसं मावणार कुठून? म्हणून तिघांनी बंबाभोवती फेर धरायचा, ओल्या शेण्यांचा धूर करायचा, उमाकांतने कॅमेरा थांबवायचा, तिघांनी पळून खडकाआड जायचं, कॅमेरा पुन्हा सुरू. झाले अदृश्य. बाकीचे दोन पेंढारी म्हणजे कारखान्यातले मधुकर आणि विद्याधर. घोडे दोन आणि पेंढारी तीन, त्यामुळे मधुकर आणि विद्याधर एकाच घोड्यावर बसत आणि खाली उतरल्यावर एकमेकांशी बोलत नसत. पण प्रतापराव घोड्यावर चढले की खडकावर बसलेल्या बायका डबे उघडायच्या विसरत.

"किती शोभतात नाही?" सुलभाबाई म्हणाल्या.

"घोडा चांगला आहे," पंत म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत प्रतापराव दोन थालीपिठं खाऊन तिसऱ्याकडे बघत पंतांजवळ येऊन बसत. "अण्णा, स्वल्प सरका की. अक्का, काय हात हो तुमचा. आमच्या घरी असली चव न्हाई." सुलभाबाई तिसरं वाढत. पंत ते थालीपीठ बोटांनी मोजल्यासारखं बघत. आपल्या वाट्याच्या थालीपिठाला भोकं कमी होती, हे त्यांनी तपासणी खात्याच्या नजरेने तेव्हाच टिपलं.

मग शहराबाहेर के. आर. पुरमला रुळांशेजारच्या माळावर आगगाडीचा प्रसंग. पेंढारी आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी बघतात आणि ती लुटायला धावतात. मालगाडी आली, इंजिनाने शिट्टी घातली, आणि घोडे खरोखरच बिथरले. मधुकर आणि विद्याधर जोडीने बाभळीत पडले. प्रतापरावांचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, पण ते मांड ठोकून तसेच, तलवार वर, मिशा वाऱ्यावर. उमाकांतचा कॅमेरा चालू होता. थालीपिठाचा डबा सुलभाबाईंच्या हातून निसटून खाली पडला आणि त्यांचं लक्षच नव्हतं.

डबा माहेरचा होता. पंतांनी तो उचलला, पोचा पडला होता. परतीच्या वाटेवर पंतांनी तो पोचा त्यांना दाखवला. "असू दे हो," सुलभाबाई म्हणाल्या. पैठणीच्या एका डागासाठी वर्षभर बोलणारी बाई.

त्या रात्री पंतांना जेवण गेलं नाही.

सिनेमा तयार झाला उन्हाळ्याच्या तोंडाशी. आता आवाजाचा प्रश्न आला. रिळावर आवाज चढवायचा तर मद्रासला जायला हवं, ते कुणाच्या आवाक्यात नव्हतं. उमाकांतने डोकं चालवलं. पडद्यामागे मायक्रोफोन घेऊन बसायचं आणि चित्रातल्या तोंडाबरोबर बोलायचं. ओसरीवर तालीम झाली. मधुकर-विद्याधर बरे बोलले. मग प्रतापराव उठले, छाती भरून घेतली, आणि त्या पहाडातून पिपाणी वाजली. आवाज बारीक, शेवटी किंचित फाटणारा, आणि 'बरं'च्या जागी कानडी 'सरी'. "कोण हाय रे तिकडे? सरी, पुढं या." ऐकणारे सगळे आपापल्या चपला बघू लागले.

दामोदरपंतांना पुरणपोळी खाल्ल्यासारखं झालं.

"पंत," उमाकांत म्हणाला, "सरदाराचा आवाज तुम्ही द्याल का?"

"मी?" पंत म्हणाले. "माझा तर बंबच गेलाय की कामाला." पण हे त्यांनी इतक्या सावकाश म्हटलं की उमाकांतला होकार ऐकू आला. प्रतापराव पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "अण्णा, देवासारखे भेटला."

पंतांच्या डोक्यात देव नव्हता. त्यांच्या डोक्यात असं चाललं होतं की आता ही मिशी आपल्या हातात आली. बसवनगुडी आणि शिवाजीनगर दोन्ही जमतील, आणि त्या सगळ्यांसमोर हा पेंढारी जे बोलेल ते आपण ठरवणार. असं बोलायला लावतो की तबेल्यातल्या घोड्यांनीही तोंड फिरवावं. आणि सुलभाबाई तर पहिल्याच रांगेत असतील.

खेळाच्या दिवशी संध्याकाळी शाळेचा हॉल भरला. शिवाजीनगरची मंडळी जटक्यांतून नटूनथटून आली. पुढे मधोमध प्रतापराव आणि त्यांच्या पत्नी भाग्यलक्ष्मी, त्यांच्या शेजारी सुलभाबाई. पडदा म्हणजे पंतांचीच दोन धोतरं मधोमध शिवलेली. बाकी कुणाची इतकी पांढरी निघाली नाहीत. थोडक्यात, त्या सिनेमात पंतांचं सगळं होतं, पंत सोडून. ते धोतराच्या मागच्या बाजूला, मायक्रोफोनपुढे लाकडी खोक्यावर बसले होते. विरळ कापडातून त्यांना चित्र दिसत होतं, पण उलटं, डावं उजवीकडे.

दिवे मालवले. पहिलाच प्रसंग खडकावरचा. फिरंग्याचं सामान उघडलं, बंब निघाला. पडद्यावर प्रतापरावांनी तलवार उपसली, मिशीवर ताव दिला आणि तोंड उघडलं. इथं वाक्य होतं, 'हे कसले मायावी यंत्र? बोल, नाहीतर शीर उडवीन.' पंतांनी श्वास घेतला आणि त्याच सात फुटी आवाजात विचारलं,

"आंघोळीला पाणी तापलं का?"

हसण्याने हॉलचं छप्पर उडालं.

"पंत, हे कुठं होतं?" अंधारात मधुकरने दंडाला चिमटा काढला.

"आता आहे," पंत म्हणाले.

मग त्यांनी धरलंच. चार महिने गार पाण्याने आंघोळ केलेल्या माणसाचा राग म्हणजे काय असतो, तो सगळा त्या मिशीखालून बाहेर यायला लागला. के. आर. पुरमचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, तलवार आभाळात, आणि सरदार मालगाडीला गरजला, "अहो गार्डसाहेब, ही नाशिकला थांबते का? माणसं चढणार नाहीत, नुसता बंब चढवायचाय." शिवाजीनगरच्या बाजारात पेंढारी लुटायला शिरतात, तर सगळे दुकानदार प्रतापरावांना ओळखणारे, त्यांनी खरोखरच हसून कापीचे, म्हणजे कॉफीचे, पेले पुढे केले होते, आणि उमाकांतने ते तसंच ठेवलं होतं. सरदार पेल्याकडे बघून म्हणाला, "कापी नको. तेच एक बादली ऊन पाणी असलं तर बघा."

माणसं खुर्च्यांवरून घसरली. पंतांना वाटलं, झालं, मिशी पार मातीत गेली. पण मग त्यांनी नीट कान दिला. हे हसणं चिडवणारं नव्हतं. लग्नात व्याह्याने फजिती करून घेतली की जसं मायेने हसतात, तसं होतं. सगळ्यांत मोठ्याने एक पिपाणी वाजत होती, ते स्वतः प्रतापराव. आणि त्या सगळ्यात एक हसणं निराळं. पायऱ्यांवरून तांब्या घरंगळत यावा तसं, थांबेल वाटलं की आणखी एक पायरी.

हे कोण हसतंय? पंतांनी धोतराची कड बाजूला करून बघितलं.

सुलभाबाई. पदर तोंडाला लावायच्याही विसरलेल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पंतांनी हे हसणं कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या डोळे पुसून पुसून बघत होत्या कुणाकडे, तर पडद्यावरच्या त्या मिशीकडे.

पंतांनी कड सोडून दिली. आजवर त्यांनी जायांचा, नळांचा, डोशांचा हेवा केला होता. पण स्वतःच्याच आवाजाचा हेवा करायची वेळ माणसावर यावी, हे त्यांनाही नवीन होतं.

शेवटचं रीळ लागलं. सरदाराला परत आपल्या काळात जायचंय, यंत्र विझलंय, तो एकटा खडकावर बसलाय. या रिळात उमाकांतची एक गफलत झाली होती. त्याने पूर्वी कधीतरी गल्लीतली एका रविवार सकाळची वर्दळ टिपलेलं रीळ नवं समजून पुन्हा कॅमेऱ्यात घातलं. धुऊन आलं तेव्हा एकावर एक दोन चित्रं. प्रतापराव धुक्यासारखे विरळ, आणि त्यांच्या अंगातून गल्लीतली माणसं आरपार चालताहेत. रीळ टाकवेना, तेव्हा उमाकांतने ठरवलं की सरदार दोन काळांच्या मधे अडकला.

पंतांनी हे चित्र आधी बघितलं होतं, पण पुढून. आज मागून, उलट्या बाजूने बघताना त्यांना एक ठेंगणी आकृती दिसली. छत्री घेतलेली, मान खाली, प्रतापरावांच्या रुंद छातीत एका बाजूने शिरून दुसरीकडून निघून जाणारी. रविवारी बंबाला पोचे पडतात का, ते बघायला निघालेला माणूस. सिनेमात पंत होते. कुणाला न दिसण्याइतके होते.

पडद्यावरच्या प्रतापरावांचे ओठ हलले. पंतांना पाठ केलेलं वाक्यही आठवेना आणि थट्टाही सुचेना. तोंडातून निघालं ते असं:

"माझा आवाज येतोय ना तुम्हाला? मग मी का दिसत नाही कुणाला?"

हॉलमध्ये कुणीतरी बाई नाक ओढत होती. चित्र संपलं, नुसतं पांढरं धोतर राहिलं.

दिवे लागले तशी माणसं प्रतापरावांवर कोसळली. हार पडले, मिशीला गुलाल लागला. प्रतापराव गर्दीतून ओरडत होते, "अण्णा, अण्णा कुठं?" पण अण्णा मागच्या दाराने केव्हाच बाहेर पडले होते.

सुलभाबाईंची रस्त्यात गाठ पडली.

"काय दिसतात हो प्रतापराव," सुलभाबाई म्हणाल्या.

"आणि आवाज कुणाचा होता?"

"आवाज होय," सुलभाबाई म्हणाल्या. "तो ठीक होता." चेहरा दिसू नये म्हणून त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला होता. पंतांना वाटलं, गार वारा लागत असेल.

पुढचे काही दिवस पंतांनी कसे काढले ते विचारू नका. प्रतापरावांना बाजारात माणसं थांबवून विचारत, "काय सरदार, पाणी तापलं का?" दुसऱ्या मंडळांकडून बोलावणी आली, तीही प्रतापरावांना. कारखान्यात कुणीतरी पंतांनाच त्या वाक्याची नक्कल करून दाखवली, आणि वर म्हणाला, "जमलं नाही ना? त्या प्रतापरावांसारखं व्हायचं नाही." पंतांनी त्या दिवशी पेटीभर चांगल्या तुकड्यांवर नापासाचा शिक्का मारला.

मग एका रविवारी सकाळी फाटकाशी जटका थांबला. आत बंब. चिंच लावून असा घासलेला की त्यात गल्ली दिसत होती. शेजारी प्रतापराव, मिशांची टोकं खाली आलेली. त्यांनी बंब स्वतः उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवला, पाणी भरलं, निखारे घातले आणि ओसरीवर येऊन बसले.

"अण्णा, एक बोलू? रागवायचं न्हाई."

"बोला."

"तुम्ही आमच्या घरात स्वल्प भानगड करून ठेवलाय."

"मी?"

"भाग्यलक्ष्मी बोलेना माझ्याशी. मी जेवायला वाढ म्हटलं की म्हणते, असं नको, पिक्चरमधे बोलला तसं म्हणा. मी म्हटलं, अगे, तो माझा आवाज न्हवं, बसवनगुडीच्या अण्णांचा. तर म्हणते, मग त्या अण्णांना एकदा जेवायला बोलवा की." प्रतापरावांनी छातीवर हात ठेवला. "तिकडं हार घालतात, बोला म्हणतात, मी तोंड उघडलं की त्यांची तोंडं उतरतात. खरं सांगतो अण्णा, तुमचा आवाज आठवला की इथं जळतं. देवाने मला नुसतं आंग दिलं."

हेवा करण्यात पंतांचा जन्म गेला, पण आपला कुणी हेवा करतंय ही चव त्यांनी कधी घेतली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या डोशाला कसं वाटत असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

"जरा मोठ्याने सांगा," ते म्हणाले. "हिला ऐकू आलं नसेल."

प्रतापरावांनी बिचाऱ्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. भाग्यलक्ष्मी, जेवण, हार, जळणं. सुलभाबाई स्वयंपाकघराच्या दारात हातात पळी घेऊन उभ्या होत्या.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "आणि बघितलंही होतं. छत्री घेऊन प्रतापरावांच्या पोटातून गेलात तेव्हा. चाल ओळखते मी."

"दिसलो मी?" पंत म्हणाले. आवाज अजिबात सात फुटी नव्हता.

"न दिसायला काय झालं? सगळी सरदाराकडे बघत होती, मी छत्री कुठवर जाते ते बघत होते. तुम्ही पडद्यामागून विचारलंत, मी का दिसत नाही, तेव्हा मेलं रडू आलं मला." आणि लगेच, "पाणी तापलंय, निवेल. आधी आंघोळ करून या. प्रतापरावांना थालीपीठ लावते मी."

पंत उठले ते जमिनीवरून चालत नव्हतेच. टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघरात शिरले, कडी लावली, बंबाची तोटी सोडली. वाफ आली. कित्येक महिन्यांनी ऊन पाणी अंगावर पडलं आणि त्यांना राहवेना. त्यांनी छाती भरून घेतली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं गरजले,

"आंघोळीला पाणी तापलं का?"

बाहेर ओसरीवर प्रतापराव बसले होते. आवाज कानी पडताच त्यांची मान आपोआप ताठ झाली, हात मिशीकडे गेला, आणि ओठ त्या शब्दांबरोबर बिनआवाजाचे हलले, अगदी बरोबर, एक अक्षर मागेपुढे नाही. सवयच पडली होती माणसाला. सुलभाबाई थालीपिठाची ताटली घेऊन बाहेर येत होत्या. त्यांनी ते बघितलं, आणि पायऱ्यांवरून तांब्या घरंगळावा तसं त्यांना हसू फुटलं. थांबेल वाटलं की आणखी एक पायरी.

न्हाणीघरात ते हसू पोचलं. पंतांचा पाण्याने भरलेला तांब्या डोक्यावर तसाच राहिला.

आपल्या आवाजाला हसली, की बाहेर बसलेल्या त्या मिशीला?

बाहेर चौकशी करायची तर अंगावर नुसता साबण. पंतांनी दाराला कान लावला. पाणी निवत होतं.